दुधाविना कोल्हापूर

दूध पचत नाही ही गोष्ट कोल्हापुरात शक्यतो कुणाला सांगू नये. कर्ज झालंय हे सांगावं, मूळव्याध आहे हे सांगावं, मुलगा पुण्याला गेल्यापासून फोन करत नाही हेही सांगावं. या सगळ्याला इथं सहानुभूती मिळते. दुधाचं मात्र तसं नाही. समोरचा माणूस आधी आपल्या तोंडाकडे बघतो, मग पोटाकडे बघतो आणि विचारतो, “मूळ गाव कुठलं तुमचं?”

या गावात दुधाचे कट्टे आहेत. गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात, डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसानं वर आलेला पेला तसाच, न तापवता, गिऱ्हाइकाच्या हातात येतो. पाहुणे आले की अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा झाल्यावर त्यांना हा कट्टा दाखवायची रीत आहे. पाहुणा पेला हातात घेऊन जरा बिचकतो, आपण सराईतासारखं “हाणा” म्हणायचं. हे मी वर्षानुवर्षं केलं. आता पाहुण्यांना घेऊन जातो, पेला त्यांच्या हातात देववतो आणि म्हशीच्या शिंगांचं कौतुक करण्याच्या निमित्तानं चार पावलं लांब जाऊन उभा राहतो.

त्यात मी भूगोलाचा मास्तर. धवलक्रांती नावाचा धडा मी इतक्या वर्गांकडून पाठ करून घेतला आहे की झोपेतही सांगेन: ऑपरेशन फ्लड, सन १९७०, आणंद, वर्गीस कुरियन. त्या कुरियन यांना स्वतःला दूध आवडत नसे आणि ते पीत नसत, हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं. मला ते कळलं निवृत्तीनंतर. आधी कळलं असतं तरी वर्गात सांगितलं नसतं. बोर्डाच्या पेपरात त्याला गुण नव्हते.

बातमी पेठेत फुटली तसे सल्ले यायला लागले. म्हशीचं जड पडत असंल, गाईचं घ्या. गाईचं तरी कुठलं घेताय, जर्सी सोडा, देशी बघा. सुंठ टाकून घ्या. हळद टाकून घ्या. रात्री घेताय तिथंच चुकतंय, पहाटे घ्या. कोपऱ्यावरच्या तालमीतला एक पैलवान, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, “सर, आधी दोनशे जोर मारा. मग दूध काय, दगड पचतोय.” एवढ्या मंडळींत एकानंही “मग पिऊ नका” असं म्हटलं नाही.

ते म्हणाला डॉक्टर. तोही विद्यार्थीच, पण पहिल्या बाकावरचा. त्यानं कागदावर आतडं काढून मला समजावलं आणि आतडं काढताना त्याची रेषा नकाशातल्या पंचगंगेसारखी गेली, म्हणजे माझ्या शिकवण्याचं काहीतरी शिल्लक होतं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती जशीच्या तशी रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचं विकर असतं, ते तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं. तान्ह्या बाळात हे विकर भरपूर, कारण त्याचं पोटच दुधावर. पुढं वय वाढतं तसं बहुतेक माणसांत ते आटत जातं. मग न तुटलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू तिच्यावर कोजागिरी साजरी करतात. वायू होतो, पाणी ओढलं जातं, आणि पुढचं ज्याचं त्याला माहीत.

“म्हणजे माझ्यात बिघाड आहे,” मी म्हणालो.

“बिघाड कसला सर? जगातल्या मोठ्या माणसांपैकी दोनतृतीयांश लोक तुमच्यासारखेच आहेत. म्हातारपणापर्यंत दूध पचणं हाच अपवाद.”

हे ऐकून मला जे समाधान झालं ते सांगवत नाही. गुरं पाळणाऱ्या काही जमातींत हजारो वर्षांपूर्वी जनुकात एक बदल झाला, तो ज्यांच्या वाट्याला आला त्यांचं विकर आटेनासं झालं. उत्तर युरोपात अशी माणसं दाट. आपल्याकडे वायव्येला, पंजाब-राजस्थानच्या बाजूला, जास्त. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सरकावं तशी कमी. म्हणजे विषय शेवटी भूगोलाचाच निघाला. महाराष्ट्र या नकाशावर मध्येच कुठंतरी पडतो, त्यामुळे एकाच घरात थोरला भाऊ तांब्याभर दूध पिऊन ढेकर देतो आणि धाकटा कपभर पिऊन उंबऱ्यावर बसून राहतो. आमच्या घरातला धाकटा मी.

डॉक्टरनं काही आठवडे दूध आणि दुधाचं जे जे होतं ते सगळं बंद केलं. मग एकेक परत सुरू करून बघायचं. दुधाची अॅलर्जी हे निराळं प्रकरण, हेही त्यानं बजावलं. ती दुधातल्या प्रथिनांची असते, तिथं थेंबाचाही खेळ चालत नाही. माझं आपलं साखरेचं भांडण, तडजोडीला जागा असलेलं.

दूध सोडायचं म्हणजे दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर सोडायचं, अशी माझी भाबडी समजूत होती. खरं दूध लपलेलं असतं बारीक अक्षरांत. बिस्किटात ते असतं, पावात असू शकतं, मसालेदार वेफर्समध्ये दुधाची भुकटी निघते. वाण्याच्या दुकानात मी चष्मा कपाळावर चढवून एकेक पुडा उलटा करून वाचायला लागलो. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे पावडर’, ‘केसिनेट’. तिसऱ्या पुड्याला वाण्यानं पोराकडून खुर्ची आणवली, पंखा माझ्याकडे वळवला आणि नम्रपणे विचारलं, “साहेब, अन्न-औषधवाले का?” औषधाच्या दुकानात तर कहर झाला. पोटातल्या वायूवर म्हणून दिलेल्या गोळीच्या पाकिटावरच लॅक्टोज छापलेलं होतं. बऱ्याच गोळ्यांना आकार यावा म्हणून भरताड म्हणून तेच वापरतात आणि त्याचं प्रमाण इतकं थोडं असतं की माझ्यासारख्याला सहसा काही होत नाही, असं डॉक्टरनं फोनवर सांगितलं. तरी मी ती गोळी बराच वेळ हातात धरून तिच्याकडे बघत होतो.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही निघाल्या. मिसळ निर्दोष सुटली. भेळ सुटली, भडंग सुटलं. आंबेडाळ आणि पन्हं सुटलं, म्हणजे चैत्र गेला. पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, झुणका, शेंगदाण्याची आमटी, तिळगूळ, सांडगे, कुरड्या. आपण रोज जे खातो त्यात दूध किती थोडं आहे हे मोजल्याखेरीज लक्षात येत नाही. दूध येतं ते सणाला, पाहुण्याला आणि देवाला. अडचण नेमकी त्या तिघांचीच.

देवाचं बघा. पंचामृतात पाचातली तीन दुधाच्या घराण्यातली. प्रसादाच्या शिऱ्यात रवा, तूप, साखर, केळं आणि दूध, सगळं सव्वाच्या मापानं. आणि प्रसाद नाकारला तर काय होतं हे सत्यनारायणाच्या पोथीतच लिहिलेलं आहे: नवरा आल्याचं ऐकून कलावती प्रसाद न घेता धावली आणि नवऱ्यासकट नौका दिसेनाशी झाली. आमच्याकडे नौका नाही, पण मुलगा पुण्यात कंत्राटी नोकरीवर आहे. शेजारच्या काकी द्रोण पुढं करून उभ्या होत्या. मी करंगळीच्या नखावर मावेल एवढा शिरा घेतला. पोटाला काही झालं नाही, मुलाच्या नोकरीलाही नाही.

पाहुणचार त्याहून अवघड. कुणाकडे गेलं की मी कोरा चहा मागतो. लगेच स्वयंपाकघरात कुजबूज. घरात दूध संपलंय हे याला कसं कळलं, असा यजमानीणबाईंचा चेहरा होतो, आणि मागल्या दारानं एक पोरगं पिशवी आणायला पळतं. मी खुलासा करेपर्यंत ते परत आलेलं असतं. मग पिशवी आणलीच आहे तर घ्याच अर्धा कप, एवढ्यानं काय होतंय? या ‘एवढ्यानं काय होतंय’ला आपल्याकडे उत्तर नाही. नरसोबाच्या वाडीला गेलो तर पेढ्याच्या दुकानदारानं माझी अडचण फार सहानुभूतीनं ऐकून घेतली आणि म्हणाला, “मग बासुंदी घ्या, ती आटवलेली असते.” मी त्याला समजावू शकलो असतो की आटवल्यानं साखर जात नाही, उलट दाट होते. पण कढईतून जो वास येत होता तो माझ्या बाजूचा नव्हता.

मुलानं पुण्याहून खोकी पाठवली. सोयाचं दूध, बदामाचं दूध, ओट्सचं दूध. एकेकाची किंमत बघून बायकोनं ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवली. किंमत आपल्या पिशवीच्या कितीतरी पट, आणि बदामाच्या खोक्यावर बदाम किती टक्के हे वाचलं तर तालमीतल्या वस्तादाला हसू फुटेल. तिथं पैलवान थंडाईसाठी कुंड्यात बदाम घोटतात. सालं काढलेले बदाम, खसखस, मगज, मिरी, बडीशेप, असं घोटतात की दांडा उभा राहावा. त्या थंडाईत पाणी घातलं की झालं बदामाचं दूध. पैलवान मात्र त्यात वरून दूधच घालतात, तो भाग वेगळा.

ओट्सचं दूध थंड चांगलं लागतं, जरा गोडसर. साखर न घालताही ते गोड लागतं, कारण विकर घालून त्यातल्या पिठुळ भागाची साखर करून घेतलेली असते. पण आपला चहा म्हणजे उकळणं आलं. दोन उकळ्यांनंतर पातेल्यात चहा की आंबील असा प्रश्न पडला. बायकोनं चमचा फिरवून बघितला आणि मीठ आणू का विचारलं. सोयाचं दूध चहात फाटतं. तापमान आणि चहाचा आंबटपणा एकत्र आले की त्यातली प्रथिनं गोळा होऊन वर येतात. सोयाबीन तर आपल्याच लातूर-वाशीमचं. घरी दूध काढून बघावं म्हणून मी ते भिजवलं, वाटलं, गाळलं. तो कच्च्या शेंगेचा उग्र वास घरभर दोन दिवस राहिला. पुढं कळलं की दाणे वाटताना पाणी उकळतं घ्यायचं, म्हणजे वास तयार करणारं विकर आधीच मरतं. शेंगदाण्याच्या दुधाचं दही मिरचीच्या देठांनी लागतं असं कुणी सांगितलं. तसं ते लागलं. भांडं आडवं केलं तरी हललं नाही. त्याला दही म्हणावं की दाण्याची घट्ट चटणी म्हणावी यावर घरात दोन तट पडले आणि शेवटी ते थालीपिठात गेलं.

या सगळ्या खटपटीत मला एक भिडू सापडला आणि तो मोठा माणूस निघाला. १९१२ साली, ज्या वर्षी आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांचं खासबाग मैदान कुस्त्यांना खुलं झालं त्याच वर्षी, तिकडे दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी दूध सोडलं. कलकत्त्यात गाईंचं दूध काढताना होणाऱ्या क्रौर्याबद्दल त्यांनी वाचलं होतं, त्यानं मनात घर केलं आणि पुढं व्रत झालं. त्यांच्या पोटाला दूध सोसत होतं. सोडलं ते मनानं. मग १९१८ च्या आजारपणात अंगात त्राण उरलं नाही. हवापालटासाठी माथेरानला नेलं, तिथंही जमलं नाही. दुधाला पर्याय सुचवा म्हणून त्यांनी ओळखीच्या वैद्यांना, डॉक्टरांना विचारलं. कुणी मुगाचं पाणी सांगितलं, कुणी मोहाचं तेल, कुणी बदामाचं दूध. हे सगळे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि आत्मकथेत प्रांजळपणे लिहिलं की कशानंच खाटेवरून उठवलं नाही. शेवटी मुंबईत डॉक्टर दलालांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरणार नाही असं निक्षून सांगितलं. गाई-म्हशींच्या हालांमुळे दूध न घेण्याचं व्रत आहे म्हटल्यावर कस्तुरबा तिथंच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे?

या प्रसंगात मला कस्तुरबा फार आवडतात. डॉक्टर, वैद्य, पुस्तकं, व्रतं सगळी एका बाजूला, आणि बाईनं स्वयंपाकघरातून बघावं तसं बघून पळवाट काढली. गांधीजींना ती पळवाट पुढं आयुष्यभर बोचत राहिली, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. शेळीच्या दुधातही लॅक्टोज जवळजवळ तेवढंच असतं, त्यामुळे मला तिचा उपयोग नव्हता. पण घरच्या बाईकडे बघायला हवं, एवढं सुचलं.

बायकोचं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्नानंतर ती आंबोली घाट चढून वर आली तेव्हापासून आमच्या घरानं तिला एकच ऐकवलं होतं: तुम्ही सगळ्यात खोबरं घालता. आई होती तोवर खवणी वरच्या फळीवरच असायची. आता खोकी संपली तेव्हा तिनं काही न बोलता ती खवणी खाली काढली.

“तुमच्याकडे दुधाचं काय करायचे?” मी विचारलं.

“गाय होती. चहापुरतं दूध ती द्यायची, खिरीपुरतं माड द्यायचा.”

नारळ खवायचा, कोमट पाण्यात वाटायचा, फडक्यातून पिळायचा. पहिला रस दाट, दुसरा पातळ. शिजवायला दुसरा घ्यायचा आणि पहिला अगदी शेवटी घालून गॅस बंद करायचा. उकळला की फुटतो. एवढं तंत्र समजलं की अख्खं कोकण उघडतं. शेवग्यातून, म्हणजे शेवयांच्या साच्यातून, दाबून काढलेले तांदळाचे शिरवाळे आणि त्यावर गूळ-वेलदोड्याचा रस. रसात बुडालेली, जाळीदार खापरोळी. हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस यांचं मणगणं, ज्याच्यावर गोव्याची माणसंही आपला हक्क सांगतात. जेवणाच्या शेवटी सोलकढी. यातला एकही पदार्थ दुधाचं सोंग घेत नाही. ओट्सच्या खोक्याशी माझं भांडण तेच होतं: ते दर घोटाला मला दुधाची आठवण करून देत होतं. शिरवाळे खाताना दूध आठवायला सवडच मिळत नाही. तिनं तिसऱ्यांदा रस वाढला तेव्हा मी खोबऱ्याबद्दल आईच्या वतीनंही चार चांगले शब्द बोललो. तिनं ते ऐकलं नाहीसं केलं.

आणि मग रविवारी घरी पांढरा रस्सा झाला. वाटी तोंडाला लावली आणि मध्येच थांबलो. अळणी पाणी, खसखस, तीळ, काजू आणि नारळाचं दूध. म्हशींच्या या गावात, पैलवानांच्या या पेठेत, ज्या पांढऱ्या वाटीवर आम्ही छाती काढून फिरतो तिच्यात म्हशीचा थेंब नसतो. समुद्रापासून एवढ्या लांब हे नारळ घाट चढून आमच्या रश्शात कधी आले आणि त्याबद्दल आमच्या आजीपणजीनं कुणाला बोल कसा लावला नाही, हा भूगोलाचा तास मी कधीच घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तालमीपाशी उभा राहून ही गोष्ट पैलवानाला सांगितली. तो गंभीर झाला. “सर,” तो म्हणाला, “हे बाहेर बोलू नका.”

नारळात कॅल्शियम फारसं नाही, असं डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं. त्याचीही सोय घरातच निघाली. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात कॅल्शियम एकशेवीस मिलिग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि सालासकट तिळात त्याहूनही बरंच जास्त. नाचणीतलं सगळंच काही अंगी लागत नाही, पण ती भिजवून मोड आणले की थोडं जास्त लागतं. भाकरी नाचणीची, वर तिळाची चटणी, आणि बी-१२ ची गोळी. या गोळीतही लॅक्टोज आहे का ते मी आता वाचत नाही.

तपासणीचे आठवडे संपले तेव्हा सगळ्यांत आधी तूप परतलं. तुपात लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही. वरणभातावर तुपाची धार पडली तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे बघत होतो, आणि तासाभरानं दोघंही निर्धास्त झालो. ताक अधूनमधून सोसतं. दही सोसतं की नाही हे दह्याच्या मर्जीवर आहे. दही जेवढं जुनं तेवढी त्यातली साखर जिवाणूंनी आधीच खाल्लेली असते. दूध मात्र नाही ते नाही.

राहिला चहा. नारळाचं दूध घालून बघितलं. त्या कपाला चहाही म्हणवेना आणि आमटीही. शेवटी आमच्या नाक्यावरच्या टपरीवाल्यानं माझ्यासाठी एक निराळं पातेलं ठेवलं. त्यात आलं, गवती चहा, मिरी आणि उतरवताना लिंबाचे चार थेंब. टपरीवर माझं नाव पडलं ‘कोरे सर’. चहा चांगला असतो. फक्त पैसे द्यायच्या वेळी मी एकदा त्याला विचारलं, की बाबा, यात दूध नाही, तरी दहा रुपयेच कसे?

“दूध न्हाई खरं,” तो म्हणाला, “पर सर, तुमच्यासाठी गॅस येगळा जळतोय न्हवं?”